आधी व्याज, मग कोथिंबीर

कर्जाची ओढाताण सुरू झाली की घरात पहिली कात्री लागते ती भाजीच्या पिशवीला. नाशिकच्या आकाशवाणी टॉवरच्या भाजीबाजारात मेथीच्या जुडीमागे पाच रुपये सोडवून घेतले जातात, दूध अर्ध्या लिटरने घटते, कामाच्या ताईंना ‘पुढच्या महिन्यापासून नको’ असे सांगितले जाते. इकडे क्रेडिट कार्डावरचे व्याज रोज चढत असते, कुणीही पाहत नसलेल्या चार ॲपचे पैसे दर महिन्याला आपोआप कापले जात असतात आणि दुसरी गाडी पार्किंगमध्ये उभ्या उभ्या हप्ता खात असते. महिनाअखेरीस घरातली कटकट वाढलेली असते आणि कर्ज जागच्या जागी असते.

देशभरातल्या घरखर्चाची सरकारी पाहणी २०२३-२४ मध्ये झाली. तिच्यानुसार शहरी कुटुंबाच्या एकूण खर्चात सगळ्या अन्नाचा वाटा सुमारे ४० टक्के आहे. त्यातही भाजीपाल्यावर जाते चार टक्क्यांच्या आसपास. पेये आणि तयार खाद्यपदार्थांवर जाते ११ टक्क्यांच्या आसपास. प्रवास आणि वाहनावर साडेआठ टक्के. म्हणजे भाजीत कितीही घासाघीस केली तरी हाती लागणारी रक्कम चिमूटभरच. कर्जातून सुटायचे असेल तर क्रम उलटा करावा लागतो: आधी व्याज, मग मोठे ठरीव खर्च, आणि सगळ्यात शेवटी कोथिंबीर.

आपल्या भागातले कर्ज कसे चढते

जुन्या गंगापूर नाक्यापासून जेहान सर्कल, आनंदवली, सोमेश्वरपर्यंत गंगापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फ्लॅट उभे राहिले आणि त्यांत तऱ्हेतऱ्हेची माणसे राहायला आली. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरी करणारे, शिक्षक, बँकवाले, दुकानदार, आणि मुलांच्या शिक्षणासाठी शहरात घर घेतलेले निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार. यांतल्या बहुतेकांचे पहिले कर्ज घराचे असते आणि ते समजून-उमजून घेतलेले असते. गाडे अडते ते पुढच्या थरांमुळे. ताबा मिळाल्यावर फर्निचरसाठी पर्सनल लोन. सोसायटीत सगळ्यांकडे आहे म्हणून चारचाकी. मुलगा अकरावीत गेला की क्लासची फी, तीही हप्त्याने. मग फोन, तोही हप्त्याने. आणि एखाद्या महिन्यात सगळे हप्ते एकदम अंगावर आले की कार्डावर किराणा. कार्डावर किराणा येऊ लागला की समजावे, आता थांबून हिशेब मांडायची वेळ झाली.

त्यातच मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. गृहकर्जाचे दर त्यामागे चढले. अनेक बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, त्यामुळे घरात कुणाला काही जाणवलेच नाही. उदाहरण घ्या: ३० लाखांचे २० वर्षांचे कर्ज ७ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता सुमारे २३,२६० रुपये. दर ९.५ टक्के झाला, तर ३० लाखांवरचे महिन्याचे व्याजच २३,७५० होते. हप्ता नियमित जातो आहे आणि मुद्दल मात्र हलत नाही, अशी अवस्था. २०२५ मध्ये दर उतरले, पण वाढलेली मुदत किती उतरली हे पाहण्यासाठी बँकेत जावेच लागते.

पहिली पायरी: सगळ्यांनी एकत्र बसणे

मराठी मध्यमवर्गीय घरात कर्जाचा पूर्ण आकडा बहुधा एकाच माणसाला ठाऊक असतो. नवऱ्याने घेतलेले कार्ड बायकोला माहीत नसते, बायकोने बचत गटातून उचललेले पैसे नवऱ्याला माहीत नसतात, आणि दोघांनी मिळून आईकडून घेतलेले हातउसने मुलांना माहीत नसतात. अशा घरात काटकसर टिकत नाही. ज्याला आकडा माहीत नाही त्याला प्रत्येक ‘नको’ हा कंजूषपणा वाटतो.

एक रविवार ठरवा. जेवणे झाल्यावर, टीव्ही बंद करून, तासभर. बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या मुलांना बसवा. लहानांना एवढेच सांगा की काही महिने आपण थोडे जपून खर्च करणार आहोत. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाही बोलवा. त्यांच्यापासून लपवण्यात अर्थ नसतो, त्यांना केव्हाच अंदाज आलेला असतो. या बैठकीला एकच नियम: ‘कुणामुळे झाले’ हा विषय काढायचा नाही. “अहो, एकूण किती द्यायचं आहे ते एकदा सगळं सांगा, मी रागावणार नाही” हे वाक्य, किंवा “माझ्याकडून कार्डावर थोडं जास्तच झालंय, तूच यादी कर” हे वाक्य ज्या घरात बोलले जाते, तिथे निम्मे काम त्या दिवशीच होते.

मग एका वहीत रकाने आखा: कुणाचे देणे, आज बाकी किती, व्याजाचा दर, महिन्याचा हप्ता, किती महिने उरले, काय तारण आहे, जामीन कोण. यात पतसंस्थेचे कर्ज घाला, दुकानातली उधारी घाला, मेहुण्याकडून घेतलेले बिनव्याजी पैसेही घाला. भिशी लिहायला विसरू नका. तुमचा नंबर लागून गेला असेल तर उरलेले हप्ते हे देणेच आहे. तुम्ही दुसऱ्या कुणाला जामीन राहिला असाल तर तेही वेगळ्या ओळीत लिहा. सगळे आठवत नसेल, तर चारही क्रेडिट माहिती कंपन्या वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट देतात. तो मागवला की बँका आणि वित्त कंपन्यांची तुमच्या नावावरची सगळी खाती एका कागदावर दिसतात. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या नव्या किरकोळ कर्जांसोबत मुख्य माहितीचा एक तक्ता देणे बंधनकारक आहे. त्यात सगळे शुल्क धरून पडणारा वार्षिक दर असतो. यादीत तोच दर लिहा, जाहिरातीतला नको.

दुसरी पायरी: कोणते कर्ज आधी

यादी दराप्रमाणे लावा. सर्वांत वर बहुधा क्रेडिट कार्ड येईल. महिन्याला साडेतीन टक्के हा दर ऐकायला बारीक वाटतो. वर्षाचा तो ४२ टक्के होतो, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. कार्डावर १,२०,००० रुपये थकले असतील तर एका महिन्याचे व्याज ४,२०० आणि त्यावर कर ७५६, म्हणजे ४,९५६ रुपये. ‘किमान देय’ म्हणून पाच टक्के, म्हणजे ६,००० भरले, तर मुद्दलातून जेमतेम हजार रुपये सुटतात. शिवाय मागची बाकी पूर्ण भरलेली नसली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज घेतलेल्या साबणावर आजपासूनच व्याज. म्हणून बाकी शून्य होईपर्यंत कार्ड कपाटात. ॲपमध्ये साठवलेला कार्डाचा क्रमांकही काढून टाका, नाहीतर कपाटातले कार्ड फोनमधून चालूच राहते.

कार्डानंतर बहुधा पर्सनल लोन आणि वस्तूंचे हप्ते, मग पतसंस्था, मग गाडी, आणि शेवटी घर. पद्धत अशी: सगळ्या कर्जांचे ठरलेले हप्ते वेळेवर भरायचे, आणि जास्तीची प्रत्येक रक्कम सर्वांत महाग कर्जात टाकायची. ते संपले की त्याचा हप्ता पुढच्या कर्जात जोडायचा. काही जण सर्वांत लहान कर्ज आधी संपवतात, कारण एक नाव यादीतून गेले की हुरूप येतो. दरांत फार फरक नसेल तर तसे करायला हरकत नाही. पण ४२ टक्क्यांचे कार्ड बाजूला ठेवून ९ टक्क्यांचे गाडीचे कर्ज आधी फेडणे म्हणजे हुरुपासाठी फार मोठी किंमत मोजणे.

महाग कर्ज स्वस्त कर्जात वळवता येते. गृहकर्जावर टॉप-अप घेऊन कार्ड आणि पर्सनल लोन एकदम फेडले तर व्याज निम्म्याहून खाली येते. मात्र त्यात दोन धोके आहेत. एक, दोन वर्षांत संपणारे देणे पंधरा वर्षांवर ताणले जाते आणि घरावर चढते. दुसरा, मोकळे झालेले कार्ड सहा महिन्यांत पुन्हा भरते आणि मग दोन्ही कर्जे अंगावर राहतात. हा रस्ता घ्यायचा असेल तर कार्ड बंद करूनच घ्या, आणि टॉप-अपची मुदत तीन-चार वर्षांपेक्षा जास्त ठेवू नका.

तिसरी पायरी: खर्च तीन गटांत

मागच्या तीन महिन्यांचे बँकेचे आणि यूपीआयचे स्टेटमेंट काढा. नोटा हातातून जाताना जाणवत होत्या, यूपीआयने जाणारे पैसे जाणवत नाहीत; पण त्याची प्रत्येक नोंद राहते, हा फायदाही आहे. खर्चाचे तीन गट करा.

पहिला गट, एकदा ठरवले की दर महिन्याला आपोआप जाणारे खर्च: हप्ते, भाडे, विमा, शाळेची बस, क्लास, इंटरनेट, ओटीटी, जिम, क्लबची वर्गणी. इथला एक निर्णय वर्षभर पैसे वाचवतो, रोज मन मारावे लागत नाही. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटो-पे’च्या यादीत जाऊन कोणकोणत्या परवानग्या चालू आहेत ते पाहा, विसरलेल्या एक-दोन तरी सापडतील. चार ओटीटींपैकी एक ठेवा, कोणते ते मुलांना ठरवू द्या.

दुसरा गट, आपण वापरतो त्याप्रमाणे कमी-जास्त होणारे: वीज, पेट्रोल, किराणा, गॅस. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिट या पायऱ्या आहेत. पहिल्या शंभर युनिटांनंतर दर एकदम चढतो. तुमच्या घराचे बिल कोणत्या पायरीच्या जरा वर जाते आहे ते पाहा. बचत त्या वरच्या युनिटांची होते, म्हणजे सर्वांत महाग विजेची. गीझर आणि एसी ही दोनच उपकरणे सांभाळली तरी फरक दिसतो. पेट्रोलसाठी आठवड्याची रक्कम ठरवा. शहरात सिटीलिंकची बस आहे. कॉलेजला जाणाऱ्या मुलाचा पास काढला तर त्याच्या दुचाकीचे पेट्रोल वाचते. माहेरी किंवा गावी जाताना एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत. चौघांनी गाडी काढून जाण्यापेक्षा हा हिशेब एकदा करून पाहा. किराणा महिन्यातून एकदाच, यादी करून. उन्हाळ्यात वर्षाचे गहू-तांदूळ-डाळ भरायची आपल्याकडची रीत चांगलीच आहे, पण रोख हातात असेल तरच. वर्षाचे धान्य कार्डावर भरले तर स्वस्ताईतला नफा व्याजात जातो.

तिसरा गट, मनात आले म्हणून झालेले: बाहेरचे खाणे, ॲपवरून मागवलेले, सेलमध्ये घेतलेले. रविवारी सकाळी मिसळ खायला बाहेर पडणे हा नाशिककरांचा धर्म आहे, तो बुडवा असे मी म्हणणार नाही. पण दर रविवारी चौघांची मिसळ, संध्याकाळी सोमेश्वरला चक्कर आणि परतताना पुन्हा हॉटेल, याचा महिन्याचा आकडा एकदा लिहून पाहा. महिन्यातला एक रविवार बाहेर, बाकीचे घरी मटकी भिजवून, एवढा बदल कुणालाच जाचत नाही. सगळे बंद केले तर दोन महिन्यांत घर बंड करते. म्हणून प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, थोडी रक्कम अशी ठेवा की जिचा हिशेब कुणी विचारणार नाही.

कामाच्या ताईंना काढण्याआधी मात्र दोनदा विचार करा. त्यांच्यामुळे घरातली बाई नोकरी करू शकत असेल तर तो खर्च नसून कमाईचा आधार आहे. आणि आपली ओढाताण आपल्याहून कमी मिळकत असलेल्या घरावर ढकलण्यात काही काटकसर नाही.

एका घराची मांडणी

आकडे समोर असले की समजायला सोपे जाते, म्हणून एक कल्पित घर घेऊ. दोघांची मिळून हाती येणारी रक्कम ९२,००० रुपये. देणी अशी:

• गृहकर्ज, ८.५ टक्के, हप्ता २६,०३५
• गाडीचे कर्ज, बाकी ३,२०,०००, हप्ता १०,५००
• पर्सनल लोन, बाकी २,००,०००, दर १५ टक्के, हप्ता ६,९३३
• क्रेडिट कार्ड, बाकी १,२०,०००, किमान देय सुमारे ६,०००
• भावाकडून हातउसने ५०,०००, बिनव्याजी

दर महिन्याला ४९,४६८ रुपये हप्त्यांत जातात, म्हणजे मिळकतीच्या निम्म्याहून जास्त. उरलेल्या ४२,५०० मध्ये घर चालवताना पुन्हा कार्ड बाहेर येते.

या घराने गाडी ४,००,००० ला विकली असे समजा. कर्ज फिटून ८०,००० हाती राहतात, ते सरळ कार्डात. हप्त्याचे १०,५०० वाचले. पेट्रोल, विमा, देखभाल यांचे साधारण ४,००० वाचले. रिक्षा-बससाठी २,५०० वाढले. निव्वळ १२,००० महिन्याला मोकळे झाले. कार्डावर आता ४०,००० उरले. आधीचे ६,००० आणि हे १२,००० असे १८,००० दरमहा भरले तर तिसऱ्या महिन्यात कार्ड शून्य. चौथ्या महिन्यापासून तेच १८,००० पर्सनल लोनच्या हप्त्यात जोडले तर ते आणखी आठ महिन्यांत संपते. त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत भावाचे पैसे परत. वर्ष-सव्वा वर्षात यादीत फक्त घर उरते. पर्सनल लोन बहुधा स्थिर दराचे असते आणि मुदतीआधी फेडायला शुल्क लागू शकते. करार पाहून मगच रक्कम भरा.

गाडी विकणे प्रत्येकाला जमणार नाही. घरात आजारी माणूस असेल, ड्युटी रात्रपाळीची असेल, तर गाडी राहू दे. मग तेच १२,००० सात-आठ ठिकाणांहून गोळा करावे लागतील. ते शक्य आहे, पण दर महिन्याला निग्रह लागेल. पार्किंगमध्ये दुसरी चारचाकी असेल तर मात्र विचार करायचे कारण नाही. ‘सोसायटीत लोक काय म्हणतील’ याचे उत्तर एवढेच की लोक आठ दिवस बोलतात, हप्ता सात वर्षे असतो.

सर्वांत महत्त्वाचे: वाचलेले पैसे पगाराच्या दिवशीच कर्जात वळवा. महिन्याच्या शेवटी उरले तर भरू, असे म्हटले की ते कधीच उरत नाहीत. पगार झाला की त्याच सकाळी कार्डाला १८,००० पाठवा आणि उरलेल्यात घर चालवा. त्याआधी एकच अपवाद: एका महिन्याच्या किराणा-औषधाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात बाजूला ठेवा. ती नसेल तर पहिल्याच तापाला कार्ड पुन्हा बाहेर येईल.

सोने, ठेवी आणि प्लॉट

बँकेत सहा-सात टक्क्यांची ठेव आणि कार्डावर ४२ टक्क्यांचे देणे, ही जोडी कितीतरी घरांत गुण्यागोविंदाने नांदते. ठेव मोडा. सोन्याचे मात्र जपून. ते बहुतेक वेळा घरातल्या बाईचे स्त्रीधन असते; मोडायचे, गहाण ठेवायचे की तसेच ठेवायचे, हा निर्णय तिचा. तिने ठरवलेच, तर सोने मोडून महागडे कार्ड फेडणे हिशेबाने बरोबर आहे. गृहकर्जासाठी सोने मोडण्याची गरज नाही. गहाण ठेवायचे तर बँकेत ठेवा, पावती घ्या, आणि सोडवण्याची तारीख त्याच वहीत लिहा. दरवर्षी व्याज भरून नूतनीकरण करत राहिलेले सोने शेवटी लिलावात जाऊ शकते.

भाव वाढेल म्हणून शहराबाहेर कर्ज काढून घेतलेला प्लॉट असेल तर तोही टेबलावर आणा. ज्या जमिनीतून भाडे नाही, पीक नाही आणि जिचा हप्ता चालू आहे, ती विकून बाकीची देणी फिटत असतील तर तो तोट्याचा व्यवहार नव्हे. मुलीच्या लग्नासाठी ठेवलाय, हे कारण भावनेने खरे असेल; पण लग्नापर्यंत त्यावर किती व्याज जाईल तेही लिहून पाहा.

कशाला हात लावू नये

आरोग्य विमा आणि घरातल्या कमावत्या माणसाचा मुदत विमा बंद करू नका. वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांसाठी आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. सत्तरीच्या पुढच्यांसाठी आयुष्मान कार्ड मिळकत न पाहता मिळते. शस्त्रक्रियेसाठी पर्सनल लोन काढण्याआधी रुग्णालय या योजनेत आहे का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. रोजच्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात पुष्कळ स्वस्त मिळतात. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून द्यायला सांगा.

शिक्षण थांबवू नका, पण त्याभोवतीचा खर्च तपासा. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. महाडीबीटीवर अर्ज वेळेत भरा. क्लास लावताना दोन वर्षांची फी एकदम, तीही कर्जाने, भरू नका. मूल पहिल्या तीन महिन्यांत तिथे रमते की नाही ते पाहा.

हप्ता चुकणार असे दिसले तर

हप्ता थकायच्या आधी बँकेत जा. नोकरी गेली, ओव्हरटाइम बंद झाला, आजारपण आले, तर कागद घेऊन शाखा व्यवस्थापकाला भेटा आणि मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा अर्ज लेखी द्या. ९० दिवस थकले की खाते अनुत्पादक ठरते, आणि तारण कर्जात त्यानंतर ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. तेव्हा बोलणी करणे फार अवघड जाते. कार्डाचे ‘सेटलमेंट’ करून थोडक्यात सुटका होते खरी, पण अहवालावर ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढचे कर्ज अडते. जमेल तोवर पूर्ण फेडून ‘नो ड्यूज’ पत्र घ्यावे.

वसुलीचा माणूस सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाही. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना फोन करून बदनामी करणेही रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते, मदतीसाठी क्रमांक १४४४८. फोनवरच्या झटपट कर्जाच्या ॲपच्या वाटेला जाऊ नका. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच कळवा. खासगी सावकाराकडे परवाना नसेल तर त्याची सावकारी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. कोऱ्या धनादेशावर किंवा कोऱ्या मुद्रांकावर सही कधीच नको.

घरातले कुणी झोपेनासे झाले असेल, गप्प गप्प राहत असेल, ‘मी नसतो तर बरं’ अशा गोष्टी बोलत असेल, तर हिशेबाची वही बाजूला ठेवा आणि त्याच्याजवळ बसा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येते. पैशांचे देणे आज ना उद्या फिटते.

सण, लग्ने आणि सिंहस्थ

काटकसरीची खरी परीक्षा सणांत होते. दिवाळीचा बोनस येण्याआधीच त्याचे वाटे ठरवा: अर्ध्याहून जास्त कर्जात, उरलेल्यात फराळ आणि मुलांचे कपडे. आहेराची रक्कम वर्षाच्या सुरुवातीला ठरवून ठेवा. जवळच्या माणसांना स्पष्ट सांगा, “यंदा आमचं थोडं ओढीचं आहे.” हे वाक्य बोलायला जड जाते, पण ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी तीच परिस्थिती असते. सिंहस्थाचे मुख्य स्नान २०२७ मध्ये आहे आणि नाशिककराच्या घरी तेव्हा पाहुणा येणार, हे ठरलेलेच. त्यासाठी आत्तापासून महिन्याला थोडे बाजूला टाका. जागा मोकळी असेल तर काही दिवस भाड्यानेही देता येईल. आधी सोसायटीची परवानगी घ्या.

वरची देणी फिटली की उरते गृहकर्ज. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जात मुदतीआधी भरलेल्या रकमेवर बँक दंड घेऊ शकत नाही, हा नियम २०१२ पासून आहे. ३० लाख, २० वर्षे, ८.५ टक्के या कर्जात सुरुवातीपासून दरमहा २,१७० रुपये जास्त भरले, म्हणजे वर्षाला एक हप्ता जास्तीचा, तर २४० महिन्यांचे कर्ज सुमारे १९९ महिन्यांत संपते आणि साडेसहा लाखांच्या आसपास व्याज वाचते. भरताना ‘हप्ता कमी नको, मुदत कमी करा’ असे बँकेला लेखी सांगा. दर उतरले आणि तुमचा उतरला नाही, तर तोही बदलून मागा.

कार्ड आणि पर्सनल लोन संपल्यावर मोकळी झालेली रक्कम लगेच खर्चात मिसळू देऊ नका. त्याच तारखेला ती वेगळ्या खात्यात जाऊ द्या, तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत. पुढच्या आजारपणाला किंवा बंद पडलेल्या ओव्हरटाइमला उत्तर तिथून द्यायचे, कार्डातून नाही. आणि त्या जुन्या वहीच्या पहिल्या पानावर तीन नियम लिहून सगळ्यांनी खाली सह्या करा: सगळे हप्ते मिळून मिळकतीच्या ४० टक्क्यांवर जाणार नाहीत, घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय कुणी कर्ज घेणार नाही, आणि कितीही जवळचा असला तरी कुणाला एकट्याने जामीन राहणार नाही. जामिनाची सही मागायला कुणी आले की ती वही पुढे करता येते. माणूस दुखावला जात नाही, आणि घर वाचते.